लायसन्समधलं साल दर जानेवारीत बदलायचं का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. आकड्यांतली रक्कम मराठीत अक्षरी लिहून देणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड, तुम्ही २०२१ पासून सांभाळताय. लायसन्स एमआयटी, म्हणजे कोड कुणालाही फुकट वापरू देणारं. ६३ फाइल्सच्या डोक्यावर 'कॉपीराइट २०२१' आणि पुढे तुमचं नाव. यंदा जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात कुणा अनोळखी माणसाने पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या अशी विनंती) पाठवली आणि सगळीकडे २०२१ पुसून २०२६ केलं. मित्र म्हणतो, जुनं साल पुसू नकोस, '२०२१–२०२६' असं लिही. आणि तुम्हाला धास्ती ही, की साल जुनं राहिलं तर कोडवरचा हक्क कमकुवत तर होणार नाही ना.

आधी सरळ उत्तर. ही पुल रिक्वेस्ट मर्ज करू नका, म्हणजे तो बदल आपल्या कोडमध्ये घेऊ नका. हक्क कमकुवत होत नाही. मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आणि तुम्ही जाता जाता एक वाक्य टाकलंय, 'मधल्या काळात मी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत लागलो, आणि आणखी दोघंजण कोड पाठवायला लागले', ते मला सालापेक्षा फार महत्त्वाचं वाटतं. त्याकडे शेवटी येतो.

मी वकील नाही. मुक्त सॉफ्टवेअरचे दोन-तीन प्रकल्प बरीच वर्षं सांभाळले, आणि पोटापाण्यासाठी कंपन्यांच्या कोडमध्ये कुणाकुणाचं काय मिसळलंय ते शोधण्याचं काम करतो. या कामात कॉपीराइटच्या ओळी इतक्या वाचल्या आहेत की कुठली ओळ विचार करून लिहिलीय आणि कुठली स्क्रिप्टने फिरवलीय हे आता पाहताक्षणी कळतं.

मुळात ते साल काय सांगतं, तिथून सुरुवात करू. लक्ष्मी रोडवरच्या जुन्या दुकानांच्या पाटीवर 'स्थापना' म्हणून एक साल असतं. दिवाळीआधी पाटी रंगवायला काढली तरी पेंटर ते साल बदलत नाही. बदललं तर दुकान नवं दिसणार नाही, उलट मालकाचं डोकं फिरलंय असं गिऱ्हाइकाला वाटेल. कॉपीराइटच्या ओळीतलं साल या जातीचं आहे. हे काम पहिल्यांदा लोकांसमोर कधी आलं, एवढंच ते सांगतं. 'शेवटचं अपडेट' सांगायला ते नाही. प्रकल्प जिवंत आहे हे दाखवायचं असेल तर त्यासाठी रिलीजच्या तारखा आहेत, बदलांची नोंदवही आहे.

दुसरी, जास्त नेमकी तुलना मराठी पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानाची. तिथे एकाखाली एक असतं: पहिली आवृत्ती अमुक साली, दुसरी आवृत्ती तमुक साली, मग दोन-तीन पुनर्मुद्रणं. आवृत्ती म्हणजे मजकुरात भर पडली. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. नवं साल हक्काच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतं ते आवृत्तीचं, कारण नव्याने लिहिलेल्या मजकुरावर नवा हक्क तयार होतो. आणि दुसरी आवृत्ती निघाली म्हणून पहिलीचं साल कुणी खोडत नाही. तुमच्या पुल रिक्वेस्टने नेमकं हेच केलंय: पहिली आवृत्ती खोडून त्या जागी पुनर्मुद्रणाचं साल लिहिलंय.

आता हक्काची धास्ती. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कॉम्प्युटर प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली जाते, आणि हक्क लिहिल्या क्षणी आपोआप मिळतो. सूचना छापा अथवा न छापा, नोंदणी करा अथवा नका करू. बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, आपण १९२८ पासून आहोत आणि त्या कराराचा गाभाच हा, की हक्कासाठी कुठलाही उपचार करावा लागू नये. मुदतही सालावरून मोजत नाहीत. लेखकाची हयात आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं, असा कलम २२ चा हिशेब आहे. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं लिखाण १ जानेवारी २०११ ला एकाच दिवशी मुक्त झालं. त्यातलं कुठलं पुस्तक कुठल्या साली निघालं याने एका दिवसाचाही फरक पडला नाही. तुमच्या कोडचं तेच. हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या डोक्यावर, २०२१ असो वा २०२६, तुमचा हक्क तुमच्या आयुष्याला बांधलेला आहे. देव तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य देवो.

अपवाद आहेत. कुणी टोपणनावाने कोड प्रसिद्ध करत असेल आणि खरं नाव उघड झालेलं नसेल, तर आपल्याकडे ६० वर्षं पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. अमेरिकेत नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामाला प्रकाशनापासून ९५ वर्षं किंवा निर्मितीपासून १२० वर्षं, यातलं जे आधी संपेल ते. म्हणजे तिथल्या कंपनीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला कोड २११६ अखेरपर्यंत तिचाच. अशा प्रकरणात पहिल्या प्रकाशनाचं साल खरंच लागतं. पण तेव्हाही लागतं ते पहिलं साल, ताजं नव्हे. आणि २११६ मध्ये तुमच्या लायब्ररीची आजची आवृत्ती कुणी चालवत असेल, तर त्याला माझा आत्ताच नमस्कार.

मग एवढा जीव या ओळीत का अडकलाय? कारण एके काळी अमेरिकेत ती चुकली की हक्कच जायचा, आणि आपण वापरतो त्यातली बरीच लायसन्सं त्या काळाच्या आसपास, त्या देशात जन्मली. अमेरिका बर्न करारात आली १ मार्च १९८९ ला. त्याआधी प्रसिद्ध प्रतीवर तीन गोष्टी हव्या होत्या: © चिन्ह किंवा 'कॉपीराइट' हा शब्द, पहिल्या प्रकाशनाचं साल आणि मालकाचं नाव. १९६८ साली तिथल्या एका भयपटाचं नाव ऐनवेळी बदललं. नवी शीर्षकपाटी लावताना तिच्यावरची सूचना गळली, आणि चित्रपट बनवणाऱ्यांच्या हातून हक्क कायमचा निसटला. आजही तो कुणीही दाखवू शकतो.

सॉफ्टवेअरमधलं उदाहरण तर आपल्या घरातलंच. एटी अँड टीने १९७० च्या दशकाअखेरीस यूनिक्स या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमची '३२व्ही' नावाची आवृत्ती वाटली ती कॉपीराइटच्या सूचनेशिवाय. बहुधा तेव्हा गुपित म्हणून सांभाळणं त्यांना जास्त सोयीचं वाटलं असावं. पुढे १९९२ मध्ये त्यांच्याच यूनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजने (यूएसएल) बीएसडी, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठात घडलेली यूनिक्सची आवृत्ती, विकणाऱ्या बीएसडीआय कंपनीवर दावा लावला आणि त्या विद्यापीठालाही त्यात ओढलं. १९९३ मध्ये न्यू जर्सीच्या कोर्टाने विक्री थांबवायला नकार दिला. त्याचं एक मोठं कारण हे, की सूचनेशिवाय इतक्या प्रती वाटल्यावर ३२व्हीवरचा हक्क टिकलाय असं कोर्टाला सकृद्दर्शनी वाटेना. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. सुमारे १८ हजार फाइल्सपैकी तीन काढल्या आणि सत्तरेक फाइल्सवर यूएसएलच्या कॉपीराइटची ओळ चढवली. आज मुक्त असलेला केवढा तरी कोड त्या न लिहिलेल्या ओळीच्या जोरावर उभा आहे. त्या पिढीतल्या माणसांनी मग प्रत्येक फाइलच्या डोक्यावर कॉपीराइट कोरायची शपथ घेतली असेल तर नवल नाही.

त्याच जुन्या कायद्यात आणखी एक बारकावा होता आणि तो तुमच्या पुल रिक्वेस्टला थेट लागू पडतो. सूचनेतलं साल खऱ्या पहिल्या प्रकाशनापेक्षा आधीचं असेल तर फारसं बिघडत नसे, मुदत त्या सालापासून मोजायची एवढंच. पण साल एक वर्षाहून जास्त पुढचं लिहिलं, तर सूचना छापलीच नाही असं समजत. याचा अर्थ, जुनं साल राहू देणं ही क्षुल्लक चूक आणि नवं साल ठोकणं ही जिवावरची चूक. आज तो नियम १९८९ पूर्वीच्या प्रतींपुरताच उरलाय, तुमच्या कोडला त्याचा धोका शून्य. पण ज्या सवयीला लोक 'जुन्या वकिली काळजीपोटी' असं म्हणून समर्थन देतात, ती त्या काळजीच्या बरोबर उलट दिशेला जाते, हे मला दरवेळी गमतीशीर वाटतं. माझा कयास असा, की ही सवय वकिलांकडून आलेलीच नाही. ती वेबसाइटच्या तळाशी लिहायच्या सालावरून आली. तिथे साल जुनं दिसलं की दुकान बंद पडलंय असं लोकांना वाटतं, म्हणून कुणीतरी तिथे घड्याळातून चालू साल उचलणारी ओळ टाकली आणि तेच बघत एक पिढी वाढली.

आता मित्राची बाजू. '२०२१–२०२६' लिहायची पद्धत खरी आहे आणि तिच्यामागे विचारही आहे. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रकल्पाच्या मेंटेनरांसाठी, म्हणजे तो सांभाळणाऱ्यांसाठी, लेखी सूचना आहेत. त्या सांगतात की ज्या वर्षी पॅकेजमध्ये किरकोळ नाहीत असे बदल केले, ते वर्ष यादीत जोडा. कुठली फाइल बदलली आणि कुठली नाही हे तपासत बसू नका, सगळ्या फाइल्सना एकदाच जोडा आणि वर्षभरासाठी मोकळे व्हा. जुनी सालं मात्र काढू नका, कारण जुनी आवृत्ती कधी मुक्त होऊ शकेल ते त्यांवरून कळतं. सलग कालखंड डॅश टाकून लिहायचा असेल तर त्यातलं प्रत्येक वर्ष खरं असलं पाहिजे, आणि आपण तशी पद्धत वापरतो हे रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) सांगितलं पाहिजे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येही दर जानेवारीला एक कमिट (नोंदवलेला बदल) येतं आणि सगळ्या फाइल्सवरचं शेवटचं साल पुढे सरकतं. पण तिथेही १९९६ जागेवर राहतं, आणि त्याखालची १९९४ ची विद्यापीठाची ओळ तर कुणी हातही लावत नाही.

'प्रत्येक वर्ष खरं असलं पाहिजे' या अटीपाशी छोटे प्रकल्प घसरतात. तुमच्या रेपोचा, म्हणजे कोडच्या साठ्याचा, इतिहास मी चाळला. २०२३ च्या मार्चपासून २०२४ च्या डिसेंबरपर्यंत तिथे रीडमीतल्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या सोडल्या तर काही नाही. नवी नोकरी, समजू शकतो. पण मग '२०२१–२०२६' लिहिलं की २०२४ मध्येही हक्क मागण्याजोगं काहीतरी नवं प्रसिद्ध केलं असा दावा होतो, आणि ते खरं नाही. प्रामाणिकपणे लिहायचं तर '२०२१–२०२३, २०२५' असं लिहावं लागेल, आणि २०२६ तेव्हाच जोडायचं जेव्हा या वर्षी काही दखल घेण्याजोगं काम होईल. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते झालेलं नसतं. या खोट्या दाव्यासाठी तुम्हाला कोर्टात कुणी खेचणार नाही. पण जी ओळ खरी ठेवायला दरवर्षी कष्ट पडतात आणि खरी ठेवून हातात काही पडत नाही, ती ओळ मी तरी लिहीत नाही.

मोठे प्रकल्प हळूहळू याच निष्कर्षावर येताहेत. क्रोमियम या ब्राउझरच्या प्रकल्पात नव्या फाइलवर ती बनवल्याचं साल टाकतात आणि नंतर त्याला हात लावत नाहीत. लिनक्स फाउंडेशनने २०२० मध्ये आपल्या प्रकल्पांना सुचवलं की 'कॉपीराइट, अमुक प्रकल्पाचे लेखक' एवढी ओळ पुरे, साल नको. आणि कर्ल या इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या साधनाने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या सोर्स फाइल्समधून सालं काढूनच टाकली. कर्ल १९९० च्या दशकापासून चालू आहे आणि तुमच्या-माझ्या फोनपासून गाडीपर्यंत सगळीकडे बसलंय. त्यांना सालाशिवाय झोप लागते तर आपल्यालाही लागेल.

एक मुद्दा मात्र सालाच्या बाजूने मांडला पाहिजे. अमेरिकन कायद्यात आजही नीट छापलेल्या सूचनेचा एक फायदा आहे: 'मला माहीतच नव्हतं' असं म्हणून नुकसानभरपाई कमी करून घेण्याची वाट समोरच्याला बंद होते, आणि त्या 'नीट' मध्ये साल धरलेलं आहे. लाखो डॉलरांच्या दाव्यांची शक्यता असलेली कंपनी यासाठी साल ठेवेल, आणि ठेवावंही. एमआयटी लायसन्सखाली लायब्ररी फुकट वाटणाऱ्याला याचं किती वजन द्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी लायसन्सच्या फाइलमध्ये पहिलं साल ठेवतो आणि बाकी सगळीकडून काढतो. दोन्हीकडचं बरं.

आता अशा सरसकट बदलाने प्रत्यक्षात काय मोडतं ते सांगतो, कारण हे मी स्वतः मोडलंय. २०१५ च्या जानेवारीत मी एका प्रकल्पात 'शोधा आणि बदला' ची एक ओळ सगळ्या रेपोवर चालवली. २०१४ चं २०१५. पाच सेकंदांत काम. मग संध्याकाळी टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) पडल्या, कारण तारखा वाचणाऱ्या टेस्टच्या नमुन्यांतलं २०१४ पण बदललं होतं आणि अपेक्षित उत्तरातला वार मात्र जुनाच होता. ते तासाभरात निस्तरलं. जे निस्तरायला दोन महिने गेले ते वेगळंच. आम्ही दुसऱ्या एका प्रकल्पाच्या चार फाइल्स आमच्यात उचलून ठेवल्या होत्या आणि माझ्या स्क्रिप्टने त्यांच्या मालकाच्या नावापुढचं सालही बदललं. आमचं पॅकेज एका लिनक्स वितरणासाठी बांधणाऱ्या माणसाने फरक तपासताना पकडलं आणि फार सभ्य शब्दांत विचारलं, की या लेखकाने २०१५ मध्ये नवं काही प्रसिद्ध केल्याचं दिसत नाही, तुम्हाला कुठून कळलं? तोवर एक रिलीज बाहेर गेलेलं होतं.

दुसऱ्याच्या सूचनेला हात लावणं ही निव्वळ असभ्यता नाही. एमआयटी लायसन्सची जवळजवळ एकच अट आहे: वरची सूचना प्रत्येक प्रतीत तशीच ठेवा. बीएसडी लायसन्सचंही तेच. आणि आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ बी आलंय. हक्काची माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढली किंवा बदलली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. चुकून फिरलेल्या स्क्रिप्टसाठी कुणी आत जाणार नाही, पण 'जाणूनबुजून नव्हतं' असं सिद्ध करत बसायची पाळी तरी कशाला?

तुमच्या लायब्ररीत टेस्टचा धोका दुप्पट आहे. तुमचं कामच आकडे अक्षरी करणं. म्हणून मी ती पुल रिक्वेस्ट उघडून टेस्टचा फोल्डर पाहिला. जे वाटलं तेच निघालं. एका ठिकाणी इनपुटमधलं २०२१ बदलून २०२६ झालंय आणि शेजारचं अपेक्षित उत्तर 'दोन हजार एकवीस' तसंच आहे. ती टेस्ट पडेल. म्हणजे पाठवणाऱ्याने टेस्ट एकदाही चालवलेल्या नाहीत.

बाकीचे त्रास छोटे, पण चिवट. कुठली ओळ कुणी का बदलली ते पाहायला ब्लेम उघडावं तर प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीवर सालवाल्याचं नाव. त्यावर उपाय आहे. गिट या बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या साधनाच्या २.२३ आवृत्तीपासून अमुक कमिट ब्लेममध्ये धरू नका असं एका फाइलीत लिहून ठेवता येतं. जुन्या आवृत्तीच्या शाखेत दुरुस्ती मागे न्यायची असेल तर ६३ फाइल्सच्या डोक्यावर तंटा होण्याची शक्यता. त्यात एक सुरक्षेचा कोन पण आहे आणि तो मी आता गंभीरपणे घेतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल्स आकसणाऱ्या साधनात मागचं दार, म्हणजे घुसखोरीची चोरवाट, सापडलं, तेव्हा घातक भाग टेस्टच्या फाइल्समध्ये दडवलेला निघाला. ६३ फाइल्सचा कंटाळवाणा, एकसारखा बदल कुणी ओळीओळीने वाचत नाही, आणि अशाच ठिकाणी नको ती ओळ लपते. तुमच्या पुल रिक्वेस्टमध्ये तसं काही मला दिसलं नाही. तरी नियम म्हणून सांगतो, यांत्रिक बदल हवाच असेल तर स्क्रिप्ट बाहेरच्याकडून घ्या, पण ती वाचून आपल्या हाताने चालवा. तयार बदल घेऊ नका.

चालू साल बिल्डच्या वेळी, म्हणजे सोर्समधून चालवायचा प्रोग्रॅम बांधताना, घड्याळातून घ्यायची युक्तीही कुणी सुचवेल. नको. एकाच सोर्समधून डिसेंबरात एक बायनरी आणि जानेवारीत दुसरी निघेल, आणि दोन ठिकाणी बांधून बाइटन् बाइट जुळतंय का पाहणाऱ्यांचा मेळ बसणार नाही.

आता नाव. 'कॉपीराइट २०२१' च्या पुढे तुमचं एकट्याचं नाव आहे. २०२१ पुरतं ते बरोबर असेल, तेव्हा तुम्ही विद्यार्थी होतात. पण कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. 'कामाचा भाग' म्हणजे काय हे तुमच्या नेमणूकपत्रावर अवलंबून. काही पत्रांत 'नोकरीच्या काळात बनवलेलं सर्व काही कंपनीचं' असं सरसकट लिहिलेलं असतं, रविवारी रात्री घरच्या लॅपटॉपवर लिहिलेलंसुद्धा. ते कोर्टात कितपत टिकेल ही वेगळी गोष्ट, पण उद्या तुमची लायब्ररी एखाद्या बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली आणि माझ्यासारखा कुणी तपासायला बसला, तर तो पहिला प्रश्न हाच विचारेल. पत्र काढून वाचा. कंपनीत अशा छंदाच्या कोडसाठी लेखी परवानगीची सोय असेल तर ती घेऊन ठेवा. नसेल तर मॅनेजरला एक साधं ईमेल लिहून होकार मिळवा. ६३ फाइल्सचं साल बदलण्यापेक्षा हे अर्ध्या तासाचं काम तुमचा हक्क कितीतरी जास्त राखेल.

आणि ती दोघंजणं. त्यांनी पाठवलेल्या कोडवरचा हक्क त्यांचाच आहे. तुम्ही मर्ज केलं म्हणून तो तुमच्याकडे येत नाही. ते तो एमआयटीखाली देताहेत असं धरून आपण चालतो, आणि छोट्या प्रकल्पात तेवढं पुरतं. म्हणून ओळीत फक्त तुमचं नाव असणं आता अपुरं आहे. 'त्यांच्याकडून हक्क लिहून घेतो' असा विचार मनात आला असेल तर एक फट सांगतो. आपल्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतराचा कागद लेखी आणि सहीचा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. इंटरनेटवरून परदेशी नमुना उतरवून सह्या घेणारे मी पाहिलेत. त्यांचा कागद पाच वर्षांनी गुपचूप संपतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा हस्तांतराच्या फंदात पडू नका. 'आणि योगदानकर्ते' हे दोन शब्द जोडा.

पहिल्या प्रकाशनाचं साल सिद्ध करायची वेळ आलीच, समजा कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करायची झाली, तर अर्जात ते साल आणि देश विचारतात. तेव्हा हेडर दाखवून कुणाचं समाधान होत नाही, कारण ते तुम्हीच लिहिलेलं. कमिटची तारीखही हवी ती घालता येते. कामाला येते ती तिसऱ्याच्या सर्व्हरवरची नोंद: पॅकेज पहिल्यांदा कधी चढवलं, रिलीज कधी टाकलं. ती पानं आत्ताच जपून ठेवा. जीपीएल हे लायसन्स असलेल्या प्रकल्पातून काही घेऊन बदललं असेल तर तिथे 'मी हे अमुक तारखेला बदललं' असं लिहायची अट आहे, पण ती बदलाची नोंद, कॉपीराइटचं साल नव्हे. तुमच्या रेपोत तसं काही नाही.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? लायसन्सच्या फाइलीत २०२१ तसंच ठेवून नावापुढे 'आणि योगदानकर्ते' जोडलं असतं. योगदानकर्त्यांची नावं एका साध्या फाइलीत, त्यांना विचारून, कारण काहींना आपलं नाव नको असतं. ६३ फाइल्सच्या डोक्यावर दोनच ओळी: एक 'कॉपीराइट, प्रकल्पाचे लेखक' आणि दुसरी लायसन्सचं ठरलेलं लघुनाव सांगणारी एसपीडीएक्स खूण, म्हणजे तपासणाऱ्या यंत्रांना एका नजरेत कळतं. त्या सगळ्या फाइल्स तुमच्या आणि या दोघांच्याच आहेत. त्यामुळे साल काढताना दोघांना एक मेसेज टाकून 'हरकत नाही ना' विचारलं की झालं. दुसरीकडून उचललेली एक फाइल मला तुमच्या 'साधनं' फोल्डरमध्ये दिसली. तिला अजिबात हात लावू नका, उलट वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, म्हणजे पुढची कुठलीही स्क्रिप्ट तिथवर पोचणार नाही. आणि योगदानाच्या सूचनांत एक वाक्य: 'फाइल्समध्ये साल लिहीत नाही, कृपया जोडू नये.' नाहीतर पुढच्या जानेवारीत आणखी कुणीतरी येईल.

पुल रिक्वेस्ट बंद करताना मात्र नुसती बंद करू नका. पाठवणारा बहुतेक शिकाऊ असावा, पहिलं योगदान म्हणून सोपं काहीतरी शोधत आलेला. मी असं लिहिलं असतं: 'वेळ काढल्याबद्दल आभार. ते साल पहिल्या प्रकाशनाचं आहे, म्हणून तसंच ठेवतोय. तुमच्या बदलात एका टेस्टचा इनपुट बदलला आणि उत्तर राहिलं. यावरून लक्षात आलं की २०२१ सोडून दुसऱ्या कुठल्याच सालाची टेस्ट आपल्याकडे नाही. १९०० ते २१०० मधली दहा-बारा सालं घेऊन टेस्ट लिहून पाठवाल का? एकोणीसशे म्हणायचं की एक हजार नऊशे, तिथे आपला कोड अजून गोंधळतो.'

हा शेवटचा गोंधळ खरा आहे, मी चालवून पाहिला. १९४७ ला तुमची लायब्ररी 'एक हजार नऊशे सत्तेचाळीस' म्हणते. चेकवर ठीक आहे, पण लग्नपत्रिकेवर किंवा दस्तात साल अक्षरी लिहायचं झालं तर लोक एकोणीसशे सत्तेचाळीस म्हणतात. त्यासाठी वेगळा पर्याय हवा.